दिलेला सल्ला

रजिस्टरला पाच रकाने.
नाव, वर्ग, अडचण, दिलेला सल्ला, सही.
सल्ल्याचा रकाना दीड बोट रुंद.
गेल्या साली मी तो सरळ भरत गेले:
नियमित अभ्यास करावा.
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.

साबेरा पठाणच्या ओळीत माझं अक्षर घाईचं आहे.
जिन्यातच गाठलं होतं तिनं, तास सुटता सुटता.
मी म्हणाले, बी.एड. कर, मुलींना बरं असतं.
तिनं मान हलवली.
अडचण काय, हे विचारायचं राहिलंच.
तिसऱ्या वर्षाच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

यंदा बावीस मुलं माझ्या वाट्याला.
मुंजाजी गिराम त्यातला चौदावा,
विषय बदलायचा अर्ज घेऊन दारातच उभा.
"मॅडम, केमिस्ट्री सोडायलोय. सही द्या फक्त."
डोळे लाल. पाथरी रोडच्या पंपावर रातपाळी.
माझ्या पेनाचं टोपण काढलेलंच होतं.

कशानं कोण जाणे, मी ते परत लावलं.
बस म्हणाले. रात्री काय काय करतोस तिथं?

आधी लाजला. मग म्हणाला,
"पहाटं डेन्सिटी मीच घेतो.
मालक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."
काचेचा उभा जार, त्यात तरंगणारी नळी,
शेजारी थर्मामीटर,
मग तक्ता उघडून आकडा पंधरा डिग्रीवर आणायचा.
"उन्हाळ्यात पेट्रोल फुगतंय ना मॅडम,
तेवढ्याच लिटरात माल कमी बसतो."

मी वनस्पतिशास्त्राची. दोनदा विचारावं लागलं.
त्यानं माझ्याच पाण्याच्या बाटलीत
रिकामी रिफिल सोडून दाखवली.
रिफिल बुडाली.
दोघंही हसलो.

"अरे, ही केमिस्ट्रीच की," जिभेवर आलेलं गिळलं.
ते त्याला ठाऊक होतं.
मला ठाऊक नव्हतं ते एवढंच,
की प्रॅक्टिकल साडेसातला असतं
आणि पाळी आठला सुटते.

वायाळ सरांकडं माझ्या दोन खेपा झाल्या.
दुपारची बॅच भरलीय म्हणतात, बघू म्हणतात.
अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सहीशिवाय.
चौदाव्या ओळीत लिहिलंय: वायाळ सरांना पुन्हा भेटणे.
विभागप्रमुख चष्मा वर करून म्हणाले,
हा सल्ला मुलाला दिलाय का स्वतःला?

जुन्या रजिस्टरात साबेराचा नंबर आहे.
काल लावला.
रिंग जात राहिली.