पाणथळ, गट नंबर दोनशे सात

फाईल दिल्लीत होती तेव्हा
अकरा वर्षं परतली नाही.
तेवढ्यात लव्हाळं तीनदा जळून
तीनदा उगवलं,
आणि सत्याप्पा गवळ्याच्या म्हशी
कुणाला न विचारता डुंबत राहिल्या.

आता परवाना इथंच.
कसबा बावड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या सुट्टीआधी गेलं तर.

मोजणीदार दाभोळे विचारतात,
पाणी नेमकं कुठं संपतं?
मी साखळी धरून उभा, घोटाभर चिखलात.
म्हटलं, साहेब, कुठल्या महिन्यात?

त्यांनी मे लिहिला.

टिटवी अंडी घालते
त्याच्यावर पाणी चढत नाही, म्हणतात.
यंदा ती पार बांधाच्या माथ्यावर बसलीय,
नकाशातल्या पार्किंगच्याही वर.

हे कुठल्या रकान्यात घालायचं
ते विचारायचं राहिलं.
साहेबांची गाडी
चिखलात रुतली होती.