एक ते दहा

स्टोकमध्ये सगळे मला बदक म्हणतात.
बसचा ड्रायव्हर, दुकानातली बाई, वॉर्डातले आजोबा,
"थँक यू, डक."
पहिल्या आठवड्यात मी आरशासमोर
दोनदा चालून पाहिलं.
मग कळलं, हे इथलं 'बाळा' आहे,
मिरजेत भाजीवाली 'बाय' म्हणते तसं.

दुसरं वर्ष. राखाडी गणवेश.
खिशावर विद्यापीठ, त्याखाली मी : सुवार्ता,
ज्यातला 'र्ता' इथं कुणाच्या जिभेवर टिकत नाही.
आठवड्याला वीस तास नोकरीची परवानगी,
ते मी शनिवार-रविवारी वृद्धाश्रमाला विकते.
फी पौंडांत, कर्ज रुपयांत,
गुणाकार झोपेत.

आठ नंबरच्या खाटेवर डोरीन.
वय एकोणऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं.
बत्तीस वर्षं कारखान्यात कपांना हँडल चिकटवले.
मी म्हटलं, आमच्याकडे त्याला कपाचा कान म्हणतात.
ती टाके दुखेपर्यंत हसली.
"दिवसाला बाराशे कान लावले, डक,
आणि घरात एकानं ऐकलं नाही."
चहा आला की ती आधी बशी उलटी करून
मागचा शिक्का बघते.
"आपली नाही," म्हणते,
आणि बशीतलं बिस्कीट मला देते.

दर चार तासांनी तिला विचारायचं असतं :
शून्य ते दहा, किती दुखतंय?
चार, ती म्हणते.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री चार.
फिजिओनं उभं केलं, ओठ पांढरे पडले,
तेव्हाही चार.
मी तक्त्यात चार लिहिते.

माझ्या घरात दुखण्याला आकडा नव्हता.
ठणका होता, कळ होती, चमक होती,
ठसठस, भगभग, चुणचुण,
कमरेत भरलेली उसण, मानेतली शिणक,
पोटऱ्यांत आलेले गोळे.
आई मिशनच्या दवाखान्यात आया.
पेशंट दारातून आत येईस्तोवर
नुसती चाल बघून म्हणायची,
"ही कळ पोटाची नव्हे. डॉक्टरांना उठवा."
तिच्या त्या म्हणण्याखाली कुणी सही केली नाही.
माझ्याकडे सह्यांची वही आहे.
चौकोन भरले की मी नर्स.

गुरुवारी रात्री तीनला डोरीन जागी होती.
चार, ती म्हणाली, मी विचारायच्या आतच.
मी पेन खिशात ठेवलं.
किती ते राहू दे, म्हटलं. कसं दुखतंय?
ठोके पडल्यासारखं? चरचरतंय? ओढतंय?
असं कुणी विचारलं नसावं तिला.
बराच वेळ छताकडे बघत राहिली.
"भट्टीचं दार उघडलं की
तोंडावर येतं ना, तसं. तिथं. टाक्यांच्या खाली."

ओलुची सिस्टर आली, टॉर्च घेऊन.
पट्टीच्या कडेनं लाल,
हात न लावताही गरम.
डॉक्टर, रक्त, सलाइन, नवी औषधं, फोन,
मी मूत्राचं भांडं घेऊन बाजूला उभी.
सकाळी सातला तिनं माझी वही मागितली.
सही चौकोनाच्या बाहेर गेली.
"चारवर कुणी रात्रभर जागं राहत नाही,"
एवढंच म्हणाली, आणि कोट घातला.

हॅन्लीच्या बसमध्ये आईचा फोन.
तिकडे जेवणं झालेली, मागं भांड्यांचा आवाज.
कशी आहेस?
बरी आहे, म्हणायचं होतं.
तोंडातून आलं, चार.

चार काय गं?

...

आकडा नको मला, आई म्हणाली.
कुठं दुखतंय ते सांग.

शेवटचा स्टॉप आला. लोक उतरले.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं,
डबा उघडला, सँडविच काढलं,
आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि दिवा चालू ठेवला.