कडेचे दोघे

शिंचूत ऑक्टोबर लागला की वारा कामावर रुजू होतो.
पंग शियूयुन खिडकी घट्ट लावते
आणि पडद्यावरचा आराखडा मोठा करत नेते,
केसाच्या हजाराव्या भागाएवढी फट
दाराएवढी दिसेपर्यंत.

मधे चार पट्ट्या. अ ब ब अ.
तराजूची दोन पारडी मोडून
एकमेकांत विणल्यासारखी.
आणि रांगेच्या दोन्ही टोकांना
आणखी एकेक, हुबेहूब तशीच,
गेट जमिनीला बांधलेली.
त्यातून कधी काही वाहणार नाही.
मूळ नकाशात त्यांचं नावही नाही.

आपल्याकडे खेळात एक लिंबूटिंबू असायचा.
बाद झाला तरी बाद नाही,
त्याच्यावर राज्य यायचं नाही.
या दोघांवर मात्र दर डावाला राज्य.
कोरणारा वायू मोकळी बाजू हेरतो
आणि आधी यांना कुरतडतो.

मागच्या खेपेला ल्याओने ते काढून टाकले होते.
रात्रीचे दोन, मुदत सकाळची,
आणि जागा तर सोन्याच्या भावाची.
काम करत नाहीत, तो म्हणाला,
आणि तेही खरंच होतं.

मार्चमध्ये वेफर आले.
चारशे चिप तपासल्या,
चारशेही एकाच अंगाला कललेल्या.
चार मिलिव्होल्ट.
शियूयुनने कागदावर फक्त अ ब ब अ लिहिलं
आणि दोन्ही टोकांच्या अ वर बोट ठेवलं.
ल्याओ बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.
नखाखाली तपकिरी डाग होता.

डाग पर्सिमनचा. रविवारी ती शिनपूला जाते,
बापाच्या अंगणात, जिथे सोललेली फळं
बांबूच्या सुपांवर वाऱ्याला मांडतात.
म्हातारा गारांचा मार लागलेली फळं बाजूला काढतो,
फेकत नाही,
सुपाच्या कडेने गोल लावतो.
वारा त्यांना आधी भेटतो.
आतली सगळी सारखी सुकतात,
एका रंगाची, एका वजनाची, पेटीत जायच्या लायकीची.

कडेची चिवट होतात, चामड्यासारखी.
ती विकत नसत.
शाळेच्या डब्यात तिला तीच मिळायची,
आणि मधली कशी लागतात
हे तिला नोकरी लागल्यावर कळलं.
जरा गुळमट, तिचं मत.

यातलं काही ती ल्याओला सांगत नाही.
उंदीर सरकवते, एक पट्टी उचलते,
डाव्या टोकाला ठेवते, मग उजव्या.
तपासणीचा प्रोग्राम लगेच कुरकुरतो:
नकाशात नसलेले दोन सापडले.
असू देत, ती टाइप करते,
आणि खाली कारणाची चौकट रिकामी सोडून
ल्याओकडे बघते.

तो खुर्ची पुढे ओढतो.
बाहेर वारा खिडकीची कड चाचपतोय.