चाकातला च

शाळेतली शेगडी तापायला साडेनऊ होतात.
तोवर सातवीची पोरं कोटाच्या बाह्यांत हात ओढून बसतात
आणि वर्तमानकाळ वाफ होऊन तोंडातून निघतो:
आय ॲम. यू आर. शी इज.

पहिल्या दिवशी नुग्झार, आमचे मुख्याध्यापक,
एकदा पासपोर्टाकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाले,
आम्हाला वाटलं होतं इंग्रज येणार.
मीही वाटच बघतेय, म्हटलं.
दुभाष्याकडून पोचेपर्यंत विनोद गार झाला होता,
तरी हसले बिचारे.

पोरं मला मास्त्स म्हणतात.
मला ऐकू येतं मास्तर,
आणि क्षणभर मी टोपी घालून, छडी घेऊन उभी असते.

इथे बापाला मामा म्हणतात, आईला देदा.
पहिला महिनाभर वाटायचं,
काखेतीच्या या द्राक्षांच्या गावात
मामाच फार, वडील कुणालाच नाहीत.

इंग्रजीतला फ त्यांना येत नाही.
फिश म्हणा म्हटलं की ओठ मिटतात
आणि आपल्या फणसातला फ निघतो, ठसठशीत.
वरचे दात खालच्या ओठावर, मी सांगते,
फुंकर घाला, चावू नका.
हेच मला अकराव्या वर्षी
लोहाऱ्याच्या शाळेत भालशंकर बाईंनी सांगितलं होतं,
थंडीने ओठ फुटला होता तेव्हा.
तोच ओठ आता पगारावर वापरते.

गुरुवारी वीज गेली.
ग्वांचा म्हणाली, मास्त्स, तुझं बोल ना काहीतरी.
मी फळ्यावर चाक लिहिलं. खाली चार.
अक्षर एकच, आवाज दोन.
सांगून जमत नाही हे,
आमच्याकडेही बाहेरून आलेले जन्मभर अडखळतात.

चाक, म्हणाला वाझा,
जो एरवी शेगडीला टेकून झोपलेला असतो.
चार, म्हणाली ग्वांचा.
मग जहाज, मग जीव, सगळा वर्ग, एकदाही न चुकता.
त्यांच्याकडे या आवाजांना वेगवेगळी अक्षरं आहेत.
आपण आपलं भावाभावांत एक सदरा घालून
शतकं काढली.
आकाशाला ते म्हणतात चा.
चाकातला च.
खिडकीबाहेर होतं ते, राखेच्या रंगाचं,
आणि मी माझ्या भाषेत त्याच्याकडे बघितलं.

रात्री त्सिआलाच्या स्वयंपाकघरात वह्या तपासायला घेते.
ती दोऱ्यात अक्रोड ओवून द्राक्षाच्या दाट रसात बुडवते,
माळा खुंटीला टांगते. ठिबकतात.
माझ्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, वह्यांवर तरी डाग.

चालू वर्तमानकाळ. सहा वाक्यं लिहा.
ग्वांचाचं पहिलंच: माय मदर इज कमिंग.
आई बारीला आहे, इटलीत,
कुणाच्या तरी म्हातारीला आंघोळ घालते.
चार वर्षं झाली.
आमच्याकडे उंबऱ्यातून निघताना
जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात.
मीही तेच म्हणून निघाले होते, बॅग उचलताना.
मघाशी फोनवर आई म्हणाली, कधी?
येतेय, म्हटलं.
वाक्याला बरोबरची खूण केली. व्याकरणात चूक नाही.

सकाळी ग्वांचाने खुणा मोजल्या.
पाच. मग सहाव्यावर बोट ठेवलं:
आय ॲम नोइंग हर व्हॉइस.
हे का चूक?
हे क्रियापद असं चालू ठेवता येत नाही, म्हटलं. नियम आहे.
(आमच्या गावात सगळे असंच बोलतात,
हे नाही सांगितलं.)
तिने थोडा विचार केला,
वाझाची पट्टी घेतली
आणि वाक्य सरळ रेषेत खोडलं.