चार बोटं खाली

लग्नाचे फोटो काढतो मी, मानवतला.
बावीस वर्षं झाली.
नवरीच्या नाकाखाली सावली पडू नये म्हणून
छत्री किती वाकवायची, झोपेत विचारा, सांगेन.

आणि रात्री दीड वाजता
पाथरीच्या रस्त्यानं परत येताना
माझ्याच ओम्नीचे दिवे
कडुलिंबांच्या शेंड्यावर पडायचे.
रस्ता सोडून सगळं दिसायचं.
वटवाघळं. तारेत अडकलेला पतंग.
कालव्याजवळच्या झाडावर एक पिंगळा,
रोज त्याच फांदीवर, रोज तसाच चिडलेला.
समोरचे डिपर मारायचे. मी पण मारायचो.
म्हणायचो, काय आंधळी माणसं आहेत.

माघातली गोष्ट. दाट तिथी, डोळे जड.
समोरून एक मोटारसायकल आली
आणि एकदम साइडपट्टीवर उतरून
मुरमात आडवी झाली.
मागे बाई, मांडीवर पोरगं, टोपलीभर बोरं.
कुणाला काही लागलं नाही.
बोरं तेवढी माझ्या उजेडात
लांबपर्यंत घरंगळत गेली.

माणूस उठला. पँट झटकली.
गाडीवरचं नाव सावकाश वाचलं.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
म्हणाला, "फोटोवाले दिसताव.
पर आमचं लगीन होऊन सात वर्सं झाली की.
आमच्यावर येवढा उजेड कशाला?"

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून, धुऊन
कयूम मिस्त्रीकडं नेली.
"रिकामी कामून आणली?" तो म्हणाला.
"रातच्याला जे भरून फिरतूस ते भरून आण.
गाडी बी माणसावाणीच असती.
मागून ओझं पडलं की थोबाड वर करती."

परत गेलो. स्टँड, बॅटऱ्या, छत्र्या, पेट्या,
सगळं भरून आणलं.
चारी चाकांत हवा.

बंद पडलेल्या जिनिंगची भिंत.
तिच्यावर खडूच्या रेघा, वर्षानुवर्षांच्या,
जीपची, टमटमची, ट्रॅक्टरची,
घरात पोरांच्या उंचीच्या खुणा असतात तशा.
पंचवीस फूट त्यानं पावलांनी मोजलं.
मी उतरायला लागलो तर ओरडला,
"बस खाली! तुझं बी वजन धरायचंय."
दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर रेघ ओढली.
मग अंधार पडेपर्यंत चहा प्यालो. दोनदा.

दिवे लावले.
उजवा रेघेच्या हातभर वर,
डावा तर पार पत्र्यावर.
पिवळ्या पडलेल्या काचा त्यानं आधी घासल्या.
मग स्क्रू. पाव फेरा. मागं सरून बघणं. पाव फेरा.
उजेडाची कड भिंतीवरून उतरत आली,
पंगतीत वाढणारा वाकत जावा तशी.
रेघेखाली त्यानं चार बोटं आडवी धरली.
"हां. बस. येवढंच."

सत्तर रुपये घेतले.

त्या रात्री रस्ता दिसला.
खड्डा, शेजारचा बुजवलेला खड्डा,
पांढरा पट्टा मधेच कुठं संपतो ती जागा.
उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही,
नुसती खताच्या पोत्याची एक चकाकती चिंधी.
वेळेवर दिसली.

समोरून कुणीतरी आलं.
डिपर न मारता गेलं.
ओळख न देता गेलेल्या माणसाबद्दल
मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

कालव्याजवळ आता फक्त बुंधा दिसतो,
गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेला.
वरची फांदी अंधारात.
गाडी थांबवली, दिवे बंद केले,
खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं.
काही दिसलं नाही.
चिर्र चिर्र तेवढं ऐकू आलं.
चिडल्यासारखं नव्हतं.