रकाना

खोकं शुक्रवारी आलं. सही दिली, मोजून घेतलं :
ट्रॅक्टर एक, बाहुल्या दोन, भातुकलीचा डबा,
ठोकळे बत्तीस. भरले एकतीस.
सोबत छापील कागद –
कोणी काय उचललं, मुलगा की मुलगी, खूण करा.

करत गेले.
टिकेश – ट्रॅक्टर.
मंथन – टिकेशच्या हातातला ट्रॅक्टर, मग चावा, मग दोघांचं रडणं.
लोचना – बाहुली.
कोडाप्यांच्या रेवंतानं आतलं सगळं जमिनीवर ओतलं
आणि खोक्यात जाऊन बसली.
तिला रकाना नव्हता.

वर्ध्याच्या मॅडम प्रशिक्षणात म्हणाल्या,
बाहुल्या महिनाभर कपाटात ठेवा.
मुलींच्या हातात पाना द्या, चाक द्या.
आपल्याला कोणी विचारलं होतं का, म्हणाल्या,
आणि पुढचं वाक्य विसरल्या.
मी वहीत लिहिलं. खाली दोन रेघा.

दुर्पताबाई खिचडी ढवळता ढवळता :
"ट्रॅक्टर मोठा अन् बाहुली हलकी, हे कोनं ठरवलं वं?
माह्या पोट्ट्याले देली असती मीनं बाहुली
तं आज त्याचं लेकरू रडलं का
तो पानठेल्यावर जाऊन बसला नसता.
कोंडाचंच असंन तं ट्रॅक्टर कोंड."

उपकेंद्राच्या सिस्टर लशीचा डबा बंद करत हसल्या.
शेकड्यांनी बाळं हातात घेतली मी, म्हणाल्या,
काही आपलं आपलं घेऊनच येतात.
असू दे ना फरक.
निंदणाला बाईला दोनशे, माणसाला चारशे,
तो काय पोटातून आला?
भांडायचं तर तिथं भांड.

मी तिघींनाही हो म्हटलं.
हे नाही सांगितलं, की आमच्या घरी
तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल भावाचा होता.
ओढायचा तो, शिंगं रंगवायची मी.
बेगड लावायची, डोळ्यात काजळ भरायची,
आणि दोरी मला कधी हवीशी वाटली नाही.
की वाटली नाही असं वाटून घेतलं,
ते आता कसं कळावं.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मारुतीच्या पारासमोर
चाकांवरचे बैल एका रांगेत.
रेवंता आली अंगणवाडीचं खोकं सुतळीनं ओढत.
खोकं रिकामं.
भोयर गुरुजी वाकले, "बैल कुठाय बाई?"
"चराले गेला."

हसले सगळे. बोजारा दिला तिलाही.
तिनं मूठ उघडली, मोजलं,
शेजारच्या टिकेशची मूठ उघडून मोजलं.
"त्याले वीस, मले दहा काऊन?"

गुरुजी खिसा चाचपत राहिले.
पाराखाली उभ्या दुर्पताबाईनं
पदर तोंडाला लावला, हसायला की कशाला, दिसलं नाही.

कागद सोमवारी पाठवायचा आहे.
खेळणी भिंतीशी तशीच पडलीत, खोकं परत आलं नाही.
रेवंताच्या नावापुढं
पेन टेकवून बसले आहे मघापासून,
शाईचा ठिपका मोठा होतो आहे.