दुन्या

शनिवारी शेवटच्या थांब्यावर ट्राम सोडली
आणि व्रातनिकचा चढ सुरू झाला.
चढ म्हणजे चढच, भीडभाड न ठेवणारा.
मोटारी खालीच थांबतात कान पाडून,
वर जातात ते पाय, मांजरं
आणि भट्टीतल्या पावाचा वास.

दुसऱ्या वळणावर दम लागला, नळापाशी टेकले.
नळाला तोटी नाही. पाणी नुसतं येत राहतं,
इतक्या वर्षांत कुणाला बंद करावंसं वाटलं नसावं.
कबुतरांचं खुराडं झाडणाऱ्या नुसरेतनं विचारलं,
कुठे जायचंय?
म्हटलं, कुठेच नाही.
तो विचारात पडला, मग झाडूनंच दाखवलं :
कुठेच नाही ते डावीकडे, रासेमाच्या घरापुढे.
पायऱ्या निसरड्या आहेत, बेतानं.

रासेमाबाईंकडेच माझी दोन रात्रींची खोली.

गल्लीला त्या म्हणतात सोकाक, वस्तीला महाला,
साबणाला सापुन, बगिच्याला बाश्चा.
पाच वर्षं खाली सपाटीवर, काचेच्या ऑफिसात
हे शब्द कुणी माझ्यापाशी बोललं नव्हतं.
परक्या स्टेशनात गावाकडची चप्पल घातलेलं
कुणी दिसावं, नाव काही केल्या आठवू नये,
तशी मी एकेका शब्दाकडे बघत राहिले.

कपाटावर सात पिवळी फळं,
पेरूहून मोठी, अंगावर बारीक लव.
सगळी खोली त्यांच्या वासानं भरलेली.
दुन्या, रासेमाबाई म्हणाल्या.
आमच्याकडे दुनिया म्हणजे जग, मी म्हटलं.
जग म्हणजे दुन्यालुक, त्यांनी दुरुस्त केलं,
ही नुसती दुन्या.
कच्ची खाऊ नकोस, तोंड आवळतं.

दुपारभर खिडकीत.
समोरच्या उतारावर पांढरं काहीतरी ओळीनं,
मला वाटलं टॉवेल वाळत घातलेत.
तिथे माझा धाकटा, त्या म्हणाल्या,
आणि लगेच साखरेच्या खड्याबद्दल बोलू लागल्या :
कॉफीत टोक बुडवायचं, चावायचं, मग घोट.
मी आख्खा खडा कपात टाकला.
दोनदा टाकला.
दोनदा त्यांनी चमच्यानं बाहेर काढला.

रविवारी वरचा किल्ला बघायचा, असा बेत.
पण आठ वाजता ट्रक आला
आणि गल्लीच्या पायथ्याशी
हिवाळाभराचं लाकूड ओतून निघून गेला.
बोलावणं कुणी केलं नाही. दारं उघडत गेली.
पायजम्यातला पोस्टमन, नऊ वर्षांची आय्ला,
नुसरेत, खांद्यावर अजून एक पीस,
आणि पोस्टमन नि आय्लाच्या मधे
एका माणसाएवढी मोकळी जागा.

हायदे, आय्ला म्हणाली. मी उभी राहिले.

ओंडका हातातून हातात वर,
त्याच्याबरोबर बातम्या :
कुणाची मुलगी लिंट्झला नर्स झाली,
कुणाचं छप्पर गळतंय, कुणाचं लग्न मोडता मोडता राहिलं.
वरून खाली विनोद यायचे.
माझ्यापाशी पोचेतो शब्द गळालेले असत,
नुसतं हसू यायचं,
तेच मी आय्लाकडे देत होते.

किल्ला राहिला.
संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून
रासेमाबाईंनी एक दुन्या हातात दिली.
पैसे मोजून घेतले खोलीचे, एक नोट फाटकी म्हणून परत केली,
आणि दारात उभ्या राहिल्या
मी नळाचं वळण घेईपर्यंत.

सोमवारी ती ऑफिसच्या कपाटावर ठेवली.
कपाट लोखंडी, वर जुन्या फायलींची धूळ.
बोटातलं कुसळ काढायला मी सुई शोधत होते.
शेजारच्या टेबलावरची मिर्झेता
फोनवर कुणाशी तरी दरांवरून वाद घालत होती.
मधेच थांबली, नाक वर केलं.
मग फोन कानाशी तसाच धरून उठली
आणि कुणाला न विचारता
खिडकी लावून घेतली.